पवनसिद्धी कंपनीची डबी

पाथर्डीच्या मोटार-अड्ड्यावर त्या सकाळी जेवढी माणसं जमली होती, तेवढी कलेक्टरसाहेब दौऱ्यावर आले तेव्हाही जमली नव्हती. कडुलिंबाच्या झाडावर पोरं, हॉटेलाच्या पत्र्यावर बाप्ये, आणि बाया डोक्यावरची पाटी न उतरवता टाचा उंचावून उभ्या. सगळ्यांच्या मधोमध एक जुनी फोर्ड गाडी होती. गाडीच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि गाडीशेजारी मृगाजिनावर श्री पवनगिरी महाराज बसले होते.

"पाहा! डोळे असतील तर पाहा!" महाराजांचा शिष्य ओरडला. त्यानं गाडीच्या टाकीतलं पेट्रोल लोकांसमोर डब्यात काढलं आणि टाकीत काठी घालून ती कोरडी असल्याचं दाखवलं. मग आमच्यातल्याच एका माणसाला विहिरीवर पाठवून दोन बादल्या पाणी आणवलं आणि टाकीत ओतलं. महाराज उठले. त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेली एक पत्र्याची डबी बॉनेट उघडून इंजिनाच्या तोंडावर बसवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "मारा हँडल."

शिष्यानं हँडल मारलं. इंजिन खोकललं, थरथरलं आणि चालू झालं! गाडीनं अड्ड्याला तीन फेऱ्या मारल्या. विहिरीच्या पाण्यावर!

सन त्रेचाळीसची गोष्ट. लढाईमुळं पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही सरकारच्या मर्जीनं. मोटारमालक त्या वेळी देवापेक्षा पेट्रोलचं नाव जास्त घेत. अशा दिवसांत पाण्यावर मोटार चालली तर माणसं काय करतील? त्यांनी नारळ फोडले. मीही फोडला. मी बन्सी, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी पास, श्रीमंतरावांच्या पाथर्डी-नगर मोटारीवरचा कंडक्टर. पुढं जे सांगणार आहे त्यात माझं शहाणपण शोधू नका. त्या दिवशी माझ्याही हाताची घडी आपोआप नमस्कारात बदलली होती.

महाराजांनी मग आपल्या कंपनीची माहिती दिली. होय, कंपनी. तिचं नाव 'श्री पवनसिद्धी मोटर-शक्ती कंपनी' आणि छापील पत्रकावर तिची कचेरी एकाच वेळी हिमालयात आणि मद्रासला होती.

"भक्तहो," महाराज म्हणाले, "मोटार म्हणजे देह. इंजिन म्हणजे हृदय. आणि कार्बुरेटर म्हणजे कुंडलिनी! इंग्रजानं तिला पेट्रोलचं व्यसन लावलं. आमची डबी हवेतला प्राण खेचते आणि पाण्याचं तेज करते. डबीला दर नाही. फक्त आसक्ती सोडा."

"कशाची आसक्ती, महाराज?" श्रीमंतरावांनी हात जोडून विचारलं. तीन मोटारींचा हा मालक नावासारखाच घरंदाज आणि सरळ मनाचा होता.

"पेट्रोलची. तुझी कुपनं माझ्या चरणी ठेव."

गर्दी वाहवा करीत होती. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "पर महाराज, तुमची गाडी पान्यावर चालती, तर तुमाला पेट्रोलची कुपनं कशाला?"

सगळ्यांनी माना वळवल्या. इमामबी चाची होती. महाराज हसले. "विष शंकरानंच प्यायचं असतं, माई."

टाळ्या पडल्या. चाचीला कुणीतरी मागं सारलं.

या इमामबीबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा मोहियोद्दीन मिस्त्री आमच्या अड्ड्यावरचा फिटर. तो त्याच्या तीन वर्षं आधी वारला होता. नगरची ती सडक तेव्हा नुसती फुफाट्याची. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवेबरोबर ही धूळही ओढतं, आणि मग पिस्टन-सिलिंडर घासून वर्षभरात कामातून जातात. मिस्त्रीनं त्यावर साधा उपाय काढला होता. पत्र्याचा डबा, आत तारेची जाळी आणि जाळीत तेलात भिजवलेला काथ्या. हवा त्यातून गाळून जायची आणि धूळ तेलाला चिकटून राहायची. ड्रायव्हर लोक त्याला 'मिस्त्रीची चाळणी' म्हणत. मिस्त्री गेल्यावर चाचीनं हे काम चालू ठेवलं आणि हळूहळू लोक 'चाचीची चाळणी' म्हणू लागले. पाथर्डीपासून घोडेगावच्या बाजारापर्यंत ज्या गाडीचं इंजिन गोड वाजायचं, तिच्या बॉनेटखाली बहुतेक चाचीचा डबा असायचा. पण चाचीची चाळणी नुसती धूळ अडवायची, पेट्रोल वाचवायची नाही. चमत्कारापुढं तिचा काय निभाव?

श्रीमंतरावांनी त्याच दिवशी कुपनं महाराजांच्या चरणी ठेवली. माझ्या मोटारीवरची चाळणी काढून टाकली आणि तिथं पवनसिद्धी डबी बसवली. महाराजांनी फक्त दोन अटी घातल्या. पहिली, डबीजवळ कधी विस्तव न्यायचा नाही. विडी नाही, उदबत्ती नाही, आरतीसुद्धा नाही. "वायुदेव सध्या अग्नीवर रुसलेत," ते म्हणाले. दुसरी, मोठ्या टाकीत पाणी भरायचं, पण डबी नवी असल्यानं पहिल्या फेरीला एक गॅलन पेट्रोल वेगळ्या डब्यात द्यायचं. ते संपलं की तोटी फिरवून पाणी चालू करायचं.

आमचा ड्रायव्हर रंगनाथ डोकं खाजवत मला म्हणाला, "बन्सी, म्हंजी पेट्रोल हाय तवर पेट्रोलवर चालंल, आन् न्हाई म्हनल्यावर पान्यावर?"

"महाराज म्हणतात तर चालेल," मी म्हणालो. हे माझंच वाक्य आहे. मी ते विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली. तेवीस उतारू होते आणि मधल्या बाकावर बायडाबाई आडवी. तिची पहिली खेप होती, आदल्या दिवसापासून कळा चालू होत्या, आणि सुईणीनं हात टेकले होते. "मूल आडवं हाय, नगरच्या दवाखान्यात न्या," एवढंच ती म्हणाली होती. नवरा भीमा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. एकवीस-बावीस वर्षांचं घाबरलेलं पोर.

पहिला मैलभर मोटार तरण्या खोंडासारखी पळाली. पुढंही बरी चालली. करंजीच्या घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलचा डबा संपला. रंगनाथनं देवाचं नाव घेतलं आणि तोटी पाण्याकडं फिरवली.

इंजिन एकदा ठसकलं आणि बसलं.

रंगनाथनं हँडल मारलं. मी मारलं. उतारूंतल्या दणकट गड्यांनी पाळीपाळीनं मारलं. एका म्हाताऱ्यानं डबीला हळद-कुंकू वाहिलं. आत बायडाबाई ओरडत होती. काही वेळानं ती ओरडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. भीमा खाली उतरून माझ्या पाया पडू लागला, "कंडक्टर, काय तरी करा ओ." माझ्या गळ्यात तिकिटांची पेटी होती आणि करण्यासारखं हातात काही नव्हतं. टाकी काठोकाठ पाण्यानं भरलेली होती. पाणी आम्ही तिला पाजलं.

अडीच तासांनी एक लष्करी लॉरी आली. सोल्जरांनी बायडाबाईला उचलून नेलं. नगरच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल गेलं. मुलगा होता. डॉक्टर भीमाला म्हणाले, "तासभर आधी आणलं असतंत तर."

ही बातमी पाथर्डीला पोहोचली तेव्हा मला वाटलं, आता लोक महाराजांना अड्ड्यावरून हुसकून लावतील. महाराज मात्र श्रीमंतरावांच्या ओसरीवर बसून शांतपणे शिरा खात होते. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"एक अडलेली बाई, महाराज," श्रीमंतराव म्हणाले.

महाराजांनी कपाळाला हात लावला. "अरेरे! सिद्ध डबीला विटाळ! देव कसा थांबेल तिथं? त्या बाईनं देवाला बाटवलं आणि देवानं तिचं मूल नेलं."

हे गावानं ऐकलं आणि गावाला ते पटलं. मोटार का बंद पडली याचं उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर मिळालं की माणसाला झोप लागते. ते उत्तर कुणाच्या मानेवर बसलं, हे कोण बघतो? महाराजांनी उपायही सांगितला. मूल गेल्यापासून एकविसाव्या दिवशी, बाजारच्या गर्दीत, त्या बाईनं मोटारीपुढं नाक घासावं. त्याच मुहूर्तावर शेवगाव-नेवाशाच्या मालकांनीही कुपनं घेऊन यावं.

मोटार बैल जुंपून परत आणली होती. तिसऱ्या दिवशी श्रीमंतराव गुपचूप चाचीकडं आले. "इंजिन जरा बघ. पण महाराजांच्या कानावर जाऊ देऊ नकोस." भक्तीचाही एक चोरदरवाजा असतो.

चाचीनं बॉनेट उघडलं. मी शेजारी उभा होतो. तिनं लाल फडकं सोडलं आणि डबी उघडली. आत मेंढीची लोकर गच्च कोंबलेली होती. तिनं ती नाकाशी नेली. वर अत्तराचा वास होता. तिनं लोकर उकलून पुन्हा हुंगली आणि खाली बसली.

"काय झालं, चाची?"

"बन्सी, आत पेट्रोलचा पुसट वास हाय. आमच्या घरच्या मालकानं एकदा चाळणीचा काथ्या पेट्रोलनं धुतला आन् न वाळवता तसाच बसवला. पेट्रोलची तोटी बंद हुती. तरी इंजिन चालू झालं. आमी दोघं येड्यावानी बघत हुतो. मग मालक हसले. म्हनले, हवा भिजल्या काथ्यातनं जाती, तवा पेट्रोलची वाफ संगं घेऊन जाती. इंजिनाला काय, वाफ कुठनं बी मिळू दे. काथ्या वाळंस्तवर चालनार, मग बंद."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेट्रोल टाकीत नव्हतंच, ते डबीत होतं! पाणी नुसतं टाकीत बसून होतं. त्याची तोटी शिष्यानं उघडलीही नसेल. आणि म्हणूनच विडी नको, आरती नको. वायुदेव कुणावर रुसले नव्हते, महाराज जळून जायला भीत होते!

चाचीनं श्रीमंतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ही लोकर तर कोरडी आहे. नुसता अत्तराचा वास येतोय. तुझ्या चाळण्या काढल्या म्हणून तुला राग आलाय, इमामबी."

मी तावातावानं निघालो होतो, गावभर ओरडून सांगायला. चाचीनं मला थांबवलं. "श्रीमंतरावाला पटंना, गावाला काय पटनार? डोळ्यांनी फसलेत, डोळ्यांनीच दाखवाया पायजे."

मग ती भीमाच्या घरी गेली. बायडाबाई भिंतीला टेकून बसली होती. चाची तिच्याजवळ किती तरी वेळ बसली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला त्या वेळी कळलं नाही.

एकविसावा दिवस उजाडला. अड्ड्यावर मुंगीला वाट नव्हती. दुसऱ्या तालुक्यांतले मालक रुमालात कुपनं बांधून पुढंच बसले होते. पुन्हा टाकी रिकामी झाली, पुन्हा दोन बादल्या पाणी पडलं, पुन्हा डबी बसली आणि फोर्डनं अड्ड्याला फेरी मारली. जयजयकार झाला. महाराज गाडीतच उभे राहिले आणि म्हणाले, "आता ती पापी बाई पुढं येऊ द्या."

गर्दी दुभंगली. बायडाबाई आली. तिचे हात पदराखाली होते. मोटारीपासून वीसएक पावलांवर ती थांबली आणि तिनं पदर बाजूला केला. हातात आरतीचं ताट होतं आणि ताटात पेटलेलं निरांजन.

महाराजांचा चेहरा उतरला. "अग्नी नको! अग्नी दूर न्या!"

"महाराज," बायडाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण अड्डा इतका शांत होता की शेवटच्या माणसापर्यंत गेला. "माझं लेकरू तुमच्या देवानं नेलं म्हनता. मी नाक घासते. पर आदी त्याची आरती करते. आरती नगं म्हननारा देव मी कुठं बगितला न्हाई."

"खरं हाय," एक म्हातारी बोलली. "आरतीला कोन नाही म्हनतं?"

बायडाबाईनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

महाराजांनी मोटारीतून उडी मारली. मृगाजिन राहिलं, खडावा राहिल्या, आणि पृथ्वी-आप-तेज-वायूंचे स्वामी धोतर सावरत कडुलिंबाच्या दिशेनं धावले. शिष्य त्यांच्याही पुढं होता. झाडाखालच्या चार गड्यांनी दोघांना नुसतं सवयीनं धरलं. पळणाऱ्याला धरायचंच असतं.

बायडाबाई दहा पावलांवर थांबली. चाचीनं तिला तितकंच सांगितलं होतं.

"का पळाला, महाराज?" चाची पुढं येत म्हणाली. "गाडीत तर पानीच हाय. पान्याला कुटं आग लागती?"

लोक विचार करू लागले होते, आणि विचार करणारी गर्दी फार विचित्र दिसते. चाचीनं मला खूण केली. मी बॉनेट उघडून डबी काढली, ती मोटारीपासून लांब मोकळ्या जागी नेली, आणि चिमूटभर लोकर पितळेच्या परातीत ठेवली. बाकीच्या लोकरीसह डबी रंगनाथ झाकण लावून पार पलीकडं घेऊन गेला. लोकांना मागं सारलं. बायडाबाईनं निरांजनातली वात काडीनं उचलली आणि लांबूनच परातीत टाकली.

भक्कन जाळ उठला. पुढची रांग मागच्या रांगेवर पडली.

"हे कंपनीचं पानी," चाची म्हणाली. "आता टाकीतलं बगा."

टाकीखाली त्याच दोन बादल्या लावल्या आणि तोटी सोडली. दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या. जेवढं पाणी घातलं होतं तेवढंच बाहेर आलं. मोटार एक थेंबही प्यायली नव्हती.

तरी श्रीमंतराव उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पाणी पुन्हा टाकीत ओतायला लावलं, लोकर काढून रिकामी केलेली डबी बसवली आणि स्वतः हँडल हातात घेतलं. मघाच्या पेट्रोलच्या वाफेवर इंजिन एकदा फुरफुरलं आणि गप्प झालं. त्यांनी पुन्हा मारलं. फेटा सुटला, सदरा भिजला. कुणी त्यांना थांबवलं नाही. एवढा विश्वास ठेवलेल्या माणसाला तो सोडायला थोडा वेळ द्यावा लागतो. पन्नासेक वेळा मारून झाल्यावर त्यांनी हँडल खाली ठेवलं आणि धुळीतच बसले.

चाचीनं मग काथ्याचा एक पुंजका हातात धरून सगळ्यांना समजावून सांगितलं: हवा कुठून जाते, वाफ कशी बनते, तोटी कुठं असते. शाळेतल्या पोरांनाही कळलं. मृगाजिनाखाली कुपनांचे गठ्ठे सापडले आणि फोर्डच्या सीटखाली पेट्रोलचे चार डबे. पाण्यावर चालणारी मोटार पळून जाण्यासाठी मात्र पेट्रोल बाळगून होती. लोक आता दगड शोधू लागले. कालच्या भक्तांनीच सगळ्यांत आधी हात उचलला होता. "हात लावू नका," चाची ओरडली. "फौजदाराच्या हवाली करा. मारलात तर उद्या म्हनंल, देवमानसाचा छळ झाला." तेही खरंच होतं.

गर्दी पांगली. श्रीमंतराव बायडाबाईसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले. भीमानं मान खाली घातली होती. बायकोला नाक घासायला पाठवायला तोही तयार झाला होता.

बायडाबाई कुणाकडंच बघत नव्हती. तिनं चाचीचा हात धरला होता. "चाची, म्हंजी गाडी माझ्यामुळं बंद पडली न्हाई?"

"न्हाई गं पोरी."

"माझा विटाळ झाला म्हनून न्हाई?"

"न्हाई."

"मग कशानं पडली?"

चाचीनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर मी दिलं. ते देणं माझंच काम होतं, कारण त्या मोटारीत मीच तिला तिकीट दिलं होतं. "पेट्रोल संपलं होतं, ताई. एवढंच. पेट्रोल संपलं होतं आणि आम्ही विचारलं नाही."

ती तिथंच बसली आणि रडली. एकवीस दिवस तिला मुलासाठी रडायचीसुद्धा मुभा नव्हती, कारण गावाच्या हिशेबी गुन्हेगार तीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती फक्त आई म्हणून रडली.

पवनगिरी पुढं तुरुंगात गेला. पण त्याला आम्हीच मोठा केला होता. पहिल्या दिवशी चाचीनं विचारलेल्या साध्या प्रश्नाला आम्ही टाळ्या वाजवून गप्प केलं नसतं, तर एक मूल आज शाळेत गेलं असतं. म्हणून वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी डबी दाखवली की ती उघडून बघा. उघडू देत नसेल, तर का देत नाही ते विचारा. आणि मोटार बंद पडली, पीक गेलं, माणूस आजारी पडलं, तर आधी टाकीत काठी घालून बघा. शेजारी बसलेल्या बाईकडं बोट दाखवायची घाई करू नका.